‘एक ठार, एक गंभीर जखमी’… त्या जखमीचं पुढे काय होतं? डोक्याला मार लागल्यानंतरचे तास, महिने आणि वर्षं

बारामती, इंदापूर किंवा भिगवणच्या अपघाताची बातमी साधारण एकाच साच्यात येते. दुचाकीची उसाच्या ट्रॉलीला धडक, एक ठार, एक गंभीर जखमी, ‘अधिक उपचारांसाठी पुण्याला हलवण्यात आले’. बातमी तिथे संपते. जो गेला त्याचं नाव, वय, गाव छापून येतं. जो ‘गंभीर जखमी’ आहे, तो महिन्याभराने घरी आला का, चालतो का, बायकोला ओळखतो का, पुन्हा कामावर गेला का, हे कुठेच येत नाही. आम्ही डेस्कवर बसून दररोज हीच ओळ टाइप करतो, म्हणून या वेळी त्या ओळीच्या पुढचं पाहू.

‘गंभीर जखमी’ म्हणजे नेमकं कोण?

हा शब्द डॉक्टरांचा नाही, कायद्याचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं ते दिलं आहे. हाड मोडणं किंवा निखळणं त्यात येतं, दात पडणंही येतं आणि १५ दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजची कामं करता न येणंही येतं. म्हणजे ज्याचं बोट मोडलं तोही गंभीर जखमी आणि जो व्हेंटिलेटरवर आहे तोही गंभीर जखमी. पोलिसांच्या नोंदीत दोघे एकाच रकान्यात बसतात. डोक्याच्या दुखापतीचा आकडा शोधायला गेलं की पहिली अडचण इथेच येते.

डॉक्टरांची मोजपट्टी वेगळी आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये ती तयार केली. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘जीसीएस’ असं लिहिलेलं दिसतं, ते हेच. तीन गोष्टी पाहायच्या: डोळे कशाने उघडतात, बोलणं कसं आहे आणि सांगितल्यावर किंवा चिमटा काढल्यावर हातपाय कसे हलतात. तिन्हींचे गुण मिळून जास्तीत जास्त १५ आणि कमीत कमी ३. शून्य नसतोच. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र दुखापत. नातेवाईक म्हणून तुम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारू शकत असाल, तर ‘पेशंट सीरियस आहे का’ याऐवजी ‘जीसीएस किती आहे आणि सकाळी किती होता’ हे विचारा. या आकड्यापेक्षा तो वर जातोय की खाली, याला जास्त महत्त्व आहे.

किती जणांना होतं हे?

जगाचा सर्वाधिक वापरला जाणारा अंदाज २०१८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आला. त्यानुसार वर्षाला ६.९ कोटी लोकांच्या मेंदूला बाहेरच्या मारामुळे इजा होते, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ९३९. यातल्या साधारण ८१ टक्के दुखापती सौम्य, ११ टक्के मध्यम आणि ८ टक्के तीव्र. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या दुसऱ्या मोठ्या प्रकल्पाने २०१६ सालासाठी काढलेला आकडा याच्या निम्म्याहूनही कमी आहे, २.७ कोटी, दर लाखामागे सुमारे ३६९. एवढा फरक का? कारण टेंगूळ आलं, चक्कर आली, उलटी झाली आणि माणूस घरीच झोपून राहिला, तर त्याला मोजायचं की नाही यावरच सगळं अवलंबून आहे.

हे आकडे आपल्याकडे लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. जागतिक सरासरीने हिशेब केला तर या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार ते साडेसात हजार लोकांच्या मेंदूला लहानमोठी इजा होत असावी. ही गणना आमची, कॅल्क्युलेटरवरची. कोणी घरोघर जाऊन मोजलेलं नाही. पण अंदाज निम्मा जरी धरला, तरी प्रत्येक मोठ्या गावात दरवर्षी कोणी ना कोणी असणार, हे लक्षात येईल.

भारताबाबत एक आकडा फार फिरतो, व्हॉट्सॲपवरही आणि मोठ्या व्याख्यानांतही: वर्षाला १५ ते २० लाख जखमी आणि १० लाख मृत्यू. तो २००२ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्सचे डॉ. जी. गुरुराज यांच्या लेखात आला होता. जखमींचा आकडा पटण्यासारखा आहे, मृत्यूंचा मात्र हिशेबात बसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले सगळ्या प्रकारचे अपघाती मृत्यू मिळून सुमारे ४.३ लाख आहेत. बुडून, भाजून, विजेच्या धक्क्याने, साप चावून, सगळे धरून. नोंदी कमी होतात हे मान्य केलं, तरी एकट्या डोक्याच्या दुखापतीने १० लाख हे जरा जास्तच होतं. त्याच लेखातली कारणांची विभागणी मात्र आजही उपयोगी आहे: सुमारे ६० टक्के दुखापती रस्ते अपघातात, २० ते २५ टक्के पडल्यामुळे आणि १० टक्के मारहाणीत.

रस्त्यांचा हिशेब त्यातल्या त्यात पक्का आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जण रस्त्यावर मेले आणि ४,४३,३६६ जखमी झाले. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. त्यातले १४ हजारांहून जास्त मागे बसलेले होते.

आपल्या भागात धोका कुठे आहे?

पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, पळसदेव, लोणी देवकर करत इंदापूरला जातो. दुसरीकडे संत तुकाराम महाराज पालखी मार्ग बारामतीहून काटेवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला येतो. रस्ते रुंद झाले, वेग वाढला, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वस्ती तीच राहिली. शेताला पाणी द्यायला रात्री निघालेला माणूस, दूध घालायला निघालेली दुचाकी आणि सोलापूरकडे निघालेली ट्रॅव्हल्स, सगळे त्याच डांबरावर.

त्यात दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा… कारखान्यांची नावं सांगायची गरज नाही, ती तुम्हाला पाठ आहेत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पंक्चर झाली की ट्रॉली रात्रभर तिथेच उभी, मागे दगड लावून. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यात डोळे दिपले की उभी ट्रॉली दिसते ती शेवटच्या क्षणाला. दुचाकीस्वाराचं डोकं आणि उसाच्या मोळ्यांची उंची जवळजवळ सारखी असते, हे वेगळं सांगायला नको.

रस्ता सोडूनही डोकी फुटतात. ऊसतोड कामगार भरलेल्या ट्रॉलीवर बसून जातात आणि झोपेत घसरतात. शेडचा सिमेंटचा पत्रा पाय पडताच फुटतो. नारळाच्या झाडावरून, पाण्याच्या टाकीवरून, कठडा नसलेल्या गच्चीवरून माणसं पडतात. आणि म्हातारी माणसं न्हाणीघरात पाय घसरून. माजी केंद्रीय मंत्री जसवंतसिंह ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत स्वतःच्या घरात पडले, डोक्याला मार लागला आणि ते कोमात गेले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. मध्ये सहा वर्षं गेली. त्यांच्या बाबतीत ना महामार्ग होता ना वेग.

कवटीच्या आत काय घडतं?

मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा, मऊ. बाहेर हाडाची पेटी, तिला ताण नाही की फुगवटा नाही. सगळी गोष्ट या पेटीची आहे. पाय सुजला तर सूज बाहेर येते. मेंदू सुजला किंवा आत रक्त साचलं तर जागाच नसते. दाब वाढतो, दाबामुळे रक्तपुरवठा घटतो, पुरवठा घटला की सूज आणखी वाढते. म्हणून डॉक्टर दोन दुखापती मानतात. पहिली धडकेच्या क्षणी झालेली, तिचं कोणी काही करू शकत नाही. दुसरी पुढच्या तासांत आणि दिवसांत होणारी. कमी पडलेला ऑक्सिजन, उतरलेला रक्तदाब आणि वाढलेला आतला दाब तिला कारणीभूत असतात. उपचार म्हणजे जवळजवळ पूर्णपणे ही दुसरी दुखापत टाळणं.

आपल्याकडे ‘मुका मार’ असा शब्द आहे. रक्त आलं नाही, टाके पडले नाहीत, म्हणजे मुका मार, म्हणजे फार काही नाही. हात-पायाच्या बाबतीत ते चालतं. डोक्याच्या बाबतीत हा शब्द घात करतो. कानाच्या वर, कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली की कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचू लागतं. सुरुवातीला माणूस काही क्षण बेशुद्ध होतो, मग उठतो, बोलतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो. काही तासांनी डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात, ग्लानी येते. मधल्या त्या शुद्धीच्या काळात घरचे निर्धास्त होतात.

क्रिकेटपटू रमण लांबा यांचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. २० फेब्रुवारी १९९८ ला ढाक्यात एका क्लब सामन्यात ते फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभे होते. चेंडू कपाळाला लागला. ते स्वतः चालत ड्रेसिंग रूममध्ये गेले. त्यानंतर शुद्ध हरपली आणि २३ तारखेला ते गेले. दुसरं टोक म्हणजे नरी कॉन्ट्रॅक्टर. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू या भारतीय कर्णधाराच्या डोक्यावर बसला, कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत विंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे होते आणि बापू नाडकर्णीही. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळले. कसोटी मात्र पुन्हा कधी खेळले नाहीत.

तिसरा प्रकार म्हाताऱ्या माणसांचा, तो सर्वात फसवा. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि त्याच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या पडण्याने एखादी शीर तुटते आणि रक्त थेंबाथेंबाने, आठवडे साचत राहतं. आजोबा अडखळायला लागतात, विसरायला लागतात, एका बाजूचा पाय ओढतात. घरच्यांना वाटतं, वय झालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. चांगली गोष्ट ही की वेळेत सीटी स्कॅन झाला, तर कवटीला लहान छिद्र पाडून हे रक्त काढता येतं आणि बरेच जण पूर्ववत होतात. घरात कोणी गेल्या दोन-तीन महिन्यांत पडलं असेल आणि आता ‘वयामुळे’ वेगळं वागत असेल, तर डॉक्टरांना त्या पडण्याबद्दल आवर्जून सांगा.

हेल्मेट किती वाचवतं? एक गणित

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं सूत्र इथे कामी येतं. दुचाकीवर बसलेल्याचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर वर असतं. तिथून ते खाली येताना रस्त्यावर आदळतं तेव्हा उभ्या दिशेचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो, गाडी उभी असली तरी. उघडं डोकं डांबरावर जेमतेम तीन मिलिमीटरमध्ये थांबतं असं धरलं, तर बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट येतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चेपत जाऊन डोकं २५ मिलिमीटरमध्ये थांबवतो, तेव्हा तोच झटका ६० पटीवर येतो. आठपट फरक, आणि तो फक्त दोन-अडीच सेंटिमीटरच्या थरामुळे. बाहेरचं चकचकीत कवच नाही, आतला तो थर महत्त्वाचा. म्हणून एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, तो थर पुन्हा फुगत नाही.

हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा ‘कोक्रेन’ने २००८ मध्ये घेतला होता: हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दीड-दोनशे रुपयांची टोपी सर्रास मिळते. आत बोट दाबून बघा, थराऐवजी नुसता स्पंज लागला तर ती पावती टाळण्याची सोय आहे, हेल्मेट नव्हे. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या आई-मावशीला हेल्मेट घालायला सांगणारा मुलगा मात्र अजून दुर्मीळ आहे.

अपघात झालाय, आता काय?

१०८ ला फोन करा. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत तीन गोष्टी. एक, मान वाकडी-तिकडी न करता ठेवा, डोक्याच्या दुखापतीबरोबर मानेचा मणकाही मोडलेला असू शकतो. दोन, श्वास चालू आहे का बघा. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून पूर्ण अंग कुशीवर वळवा. तीन, जखमेवर स्वच्छ कापड दाबा, पण हाड आत गेलेलं वाटत असेल तर तिथे जोर देऊ नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही, वेळ जातो. हेल्मेट अडकलेलं असेल आणि श्वास व्यवस्थित असेल तर ते ओढून काढण्याची घाई नको. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती अजून आहे, पण कायद्यात कलम १३४ अ आहे: मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि नाव सांगायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर.

जवळचं की मोठं रुग्णालय, हा खरा पेच. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. इंदापूरपासून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आणि सोलापूर शंभराच्या पुढे. जखमी बेशुद्ध असेल, घरघर करत असेल, तर थेट पुण्याच्या वाटेला लागण्याआधी जवळच्या ठिकाणी श्वासमार्ग मोकळा करून, ऑक्सिजन आणि सलाइन लावून घेणं गरजेचं असतं. मघाशी सांगितलेली ‘दुसरी दुखापत’ नेमकी या प्रवासात होते. मेंदूला काही मिनिटं ऑक्सिजन कमी पडला, तर पुण्यात कितीही मोठा सर्जन असला तरी ते नुकसान भरून येत नाही. तिथूनच सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन कुठे तयार आहेत याची फोनवर खात्री करून निघालं तर दोन-तीन रुग्णालयांचे दरवाजे झिजवण्याची वेळ येत नाही.

औषधांत दोन मोठे धडे गेल्या वीस वर्षांत मिळाले. सूज कमी व्हावी म्हणून पूर्वी सरसकट स्टेरॉइड दिलं जायचं. ‘क्रॅश’ या चाचणीत १० हजारांहून जास्त रुग्णांवर ते तपासलं आणि २००४ मध्ये निकाल आला: स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के, न दिलेल्यांत १७.९ टक्के. म्हणजे अपायच. दुसरा धडा चांगला. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवणारं स्वस्त इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं, तर सौम्य आणि मध्यम दुखापतीत मृत्यू कमी होतात, असं २०१९ च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत १२,७३७ रुग्णांवर दिसलं. तीव्र दुखापतीत फायदा दिसला नाही, आणि जसजसा उशीर होत जातो तसतसा परिणामही ओसरतो.

रुग्णालयातून ‘काही नाही, घरी न्या’ असं सांगितलं तरी पहिले २४ तास माणसाला एकटं ठेवू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, दोन किंवा जास्त उलट्या, झटका, बोलण्यात गोंधळ, उठवायला अवघड जाणं, एका बाजूची कमजोरी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं की लगेच परत.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. पुढे?

मुंबईचं केईएम आणि शीव रुग्णालय, दिल्लीचं एम्स ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम, अशा चार सरकारी रुग्णालयांत ११ हजारांहून जास्त अपघातग्रस्तांची नोंद ठेवून एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल झालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के ३० दिवसांत दगावले. हे सगळ्या प्रकारच्या दुखापतींचं मिळून आहे, पण अशा वॉर्डात डोक्याच्या दुखापतीचाच भार सर्वाधिक असतो.

सूज फार वाढली तर सर्जन कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात, म्हणजे मेंदूला फुगायला जागा मिळते. तो तुकडा कित्येकदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. हे ऐकून नातेवाईक हादरतात, पण पद्धत जुनी आणि समजून-उमजून केलेली आहे. प्रश्न पुढचा आहे. २०१६ मध्ये आलेल्या ‘रेस्क्यू-आयसीपी’ चाचणीत हे ऑपरेशन केलेल्यांत सहा महिन्यांनी मृत्यू २६.९ टक्के होते, न केलेल्यांत ४८.९ टक्के. जीव नक्की वाचतात. पण डोळे उघडे आणि भान नाही अशा अवस्थेत राहिलेले ऑपरेशनच्या गटात ८.५ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के. सहीसाठी कागद पुढे आल्यावर हे दोन्ही आकडे कुटुंबाला समजायला हवेत. रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात ते कोणी नीट सांगत नाही, आणि सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही.

दुसरीकडे, लवकर आशा सोडणंही चूक ठरतं. अमेरिकेतल्या ‘ट्रॅक-टीबीआय’ या मोठ्या अभ्यासात रुग्णांना वर्षभर पाहिलं गेलं. निकाल २०२१ मध्ये आले. तीव्र दुखापत झालेल्यांपैकी निम्मे आणि मध्यम दुखापत झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश जण वर्षाच्या शेवटी घरात दिवसाचे किमान आठ तास स्वतःचं स्वतः राहू शकत होते. दोन आठवड्यांनंतरही ज्यांना भान नव्हतं, त्यांतले ७८ टक्के वर्षभरात शुद्धीवर आले. अर्थात तिथले फिजिओथेरपिस्ट, तिथलं पुनर्वसन केंद्र आणि तिथला विमा आपल्याकडे नाही. हे टक्के जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. पण ‘पंधरा दिवस झाले, डोळे उघडत नाही, आता घरी न्या’ हा सल्ला किती घाईचा असू शकतो, हे त्यातून कळतं. सर्वात वेगाने सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, नंतर वेग मंदावतो, थांबत मात्र नाही.

त्याच अभ्यासाचा सौम्य दुखापतीबद्दलचा निकाल मला जास्त धक्कादायक वाटला. सीटी स्कॅन करून घरी पाठवलेले, ‘किरकोळ’ म्हटलेले हे लोक. वर्षभरानंतरही त्यांच्यातल्या ५३ टक्के जणांनी रोजच्या जगण्यात काही ना काही अडचण असल्याचं सांगितलं.

घरी आलेला माणूस ‘तोच’ नसतो

हात-पाय चालतात, जखम भरली, टाके निघाले. गावात सगळे म्हणतात, देवाची कृपा. आणि घरात वेगळंच चाललेलं असतं. शांत माणूस जेवणाच्या ताटावरून भांडी फेकतो. हिशेबात पक्का असलेला दुकानदार सुट्टे पैसे देताना गोंधळतो. एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारतो. गोंगाट सहन होत नाही, उजेड सहन होत नाही, दुपारपर्यंत थकून जातो, रात्री झोप नाही. वास येणं बंद होतं, त्यामुळे गॅस सुटलेला कळत नाही. कुणी नको ते बोलतो, नको तिथे पैसे उधळतो. मेंदूचा पुढचा भाग आवर घालण्याचं काम करतो आणि धडकेत तोच सर्वात सहज दुखावतो. हा आळस नव्हे, नाटक नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. पण हे कोणी सांगितलेलं नसल्याने कुटुंब देवऋष्याकडे जातं किंवा त्याला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून सोडून देतं. सगळ्यात जास्त झळ बायकोला बसते. नवरा समोर असतो, पण ज्याच्याशी लग्न केलं तो सापडत नाही. आणि तिला रडायचीही सोय नसते, कारण माणूस ‘वाचलाय’.

काही गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. रोजचं वेळापत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरात. मोबाइलमध्ये गजर लावून औषधं. एका वेळी एकच काम, एकच सूचना. दारू पूर्ण बंद, कारण दुखावलेल्या मेंदूवर ती कमी प्रमाणातही चढते आणि झटक्यांचा धोका वाढवते. झटक्यांची गोळी डॉक्टरांना न विचारता थांबवायची नाही. न विचारता वर्षानुवर्षं चालूही ठेवायची नाही. ट्रॅक्टर, दुचाकी, विहिरीवरची मोटर, उंचीवरचं काम, हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. आणि फिजिओथेरपी फक्त पायासाठी नसते. बोलण्याची, गिळण्याची आणि आठवणीचीही थेरपी असते, ती मागून घ्यावी लागते.

कामावर परतणं हा सगळ्यात कठीण टप्पा. जगभरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो की एक-दोन वर्षांत साधारण ४० टक्केच लोक कामावर परत जातात. बारामतीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेल्याची जागा महिनाभरातच भरली जाते. शेतकऱ्याला वरवर सोपं वाटतं, काम घरचंच. पण औषधाचं मिश्रण किती, पाण्याची पाळी कधी, उसाचं बिल किती आलं, हे सगळं आठवणीवरच चालतं.

पैसे कुठून?

केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची रोकडरहित उपचार योजना मे २०२५ मध्ये लागू झाली: प्रत्येक जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार. सुरुवातीच्या तासांसाठी ती मोलाची आहे. तीव्र दुखापतीत मात्र आयसीयूचा मुक्काम सात दिवसांत क्वचितच संपतो. त्यापुढे राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२३ च्या निर्णयानुसार तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये झाली आणि सर्व रेशनकार्डधारक तिच्यात आले. रुग्णालय योजनेत आहे का हे दाखल करतानाच विचारा, तिथे ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो, त्याला गाठा. या दोन्ही योजना रुग्णालयाच्या दारापर्यंत. घरी आल्यानंतरचे डायपर, नळीतून द्यायचं अन्न, फिजिओचे रोजचे तीन-चारशे, बुडालेली मजुरी, यासाठी कोणतीही योजना नाही.

अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूच्या दुखापतीचा स्वतंत्र प्रकार त्यात नाही. त्यामुळे लकवा असेल तर चलनवलनाच्या, वाचा गेली असेल तर वाचा-भाषेच्या रकान्यात प्रमाणपत्र मागावं लागतं. ज्याचं फक्त डोकं आणि स्वभाव बिघडला आहे, त्याला बोर्डासमोर उभं केलं की तो चालत येतो, नाव सांगतो आणि ४० टक्क्यांची पायरी गाठत नाही. अशा वेळी मानसोपचार विभागाची चाचणी आणि स्मरणशक्तीची तपासणी करून घेऊन ते कागद सोबत ठेवा.

मोठी रक्कम मिळू शकते ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, ही अट २०१९ च्या दुरुस्तीने परत आली. पहिले सहा महिने कुटुंब रुग्णालयातच असतं, आणि मुदत तिथेच निघून जाते. त्यामुळे घरातल्या एकाने एफआयआर, पंचनामा, समोरच्या गाडीची विमा पॉलिसी, सगळे सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची प्रत्येक पावती एका पिशवीत जमा करत राहावं. धडक देणारी गाडी पळून गेली असेल तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, त्याचा अर्ज वेगळा असतो.

न्यायालयात कोणता आकडा महत्त्वाचा? २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की शरीराचं अपंगत्व किती टक्के यापेक्षा कमाई किती टक्के गेली हे पाहायचं. म्हणजे सुताराच्या बोटाचा आणि शिक्षकाच्या बोटाचा हिशेब सारखा नाही. २०२० मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकच्या धडकेत तिच्या डोक्याला मार लागला होता आणि तिची समज कायमची लहान मुलासारखी राहिली. उच्च न्यायालयाने सुमारे २५ लाख दिले होते, सर्वोच्च न्यायालयाने ते ६२ लाखांवर नेले. त्यातला सर्वात मोठा हिस्सा तिची आयुष्यभर काळजी घेणाऱ्या माणसांच्या पगाराचा होता. आई-वडील ते काम फुकट करतात म्हणून त्याची किंमत शून्य धरायची नाही, हा मुद्दा दावा लिहिताना वकिलांना आठवण करून द्या. बहुतेक अर्जांत रुग्णालयाचं बिल असतं, सांभाळणाऱ्याचा रकाना कोराच राहतो.